बाकावरची जागा

आर्णीत अजाबराव जपानी पद्धतीनं लाकडी ठसे कोरायचे. त्यांची बायको तानाबाई ठशाला शाई लावून, वर कागद घासून चित्रं काढायची. शेवटच्या ठशात त्यांनी आपलंच दुकान कोरलं, पण दारातला बाक रिकामा ठेवला.

"काम सरलं का बसजो तिथं. तुयासाठीच ठेवला," म्हणाले, आणि त्याच आठवड्यात गेले.

काम काही सरलं नाही. गिऱ्हाइकं तेच चित्र मागत राहिली. उभं राहून राहून तिचे पाय भरून यायचे, घासून घासून उजव्या मनगटात कळ यायची.

एका दुपारी कागद उचलला, तर बाकाखाली दोन चपला उमटलेल्या. डावीचा तुटका अंगठा पिनेनं जोडलेला, थेट तिच्या चपलेसारखा. तिनं ठशावर बोट फिरवलं. कोरून काढलेलं लाकूड तिथं परत भरलं होतं.

आणि तिचे पाय दुखायचे थांबले होते.

पुढच्या कागदावर गुडघे आले, मग कंबर, खांदे, तोंड. दुखणं तसतसं उतरत गेलं. ओरडावं असं तिला वाटलं, पण इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता बाकावरच्या बाईला फक्त उजवा हात नव्हता. तानाबाईनं नवा कागद ठेवला आणि घासू लागली.

"काकू, आज बसल्या का निवांत?" बाहेरून शेजारच्या सुरभीचा आवाज आला. "लय बरं वाटलं मले."

सुरभी दारातल्या बाकाकडे पाहून हसत होती. आत तानाबाईच्या मनगटातली कळ थांबली.