उतारावरची गाडी

पर्सी कॅचपोल आपल्याच जुन्या पबच्या अंगणात गिऱ्हाईक म्हणून शिरला आणि आधी त्याने भिंत पाहिली. राखाडी, गुळगुळीत. एक खिळासुद्धा नाही.

"आवडला का रंग?" ज्युलियनने विचारलं. हा कंपनीने नेमलेला नवा मॅनेजर. बर्मिंगहॅमचा, म्हणजे समुद्रापासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब राहिलेला. येऊन त्याला आठवडा झाला असेल.

"भिंत आहे," पर्सी म्हणाला.

'फेरीमन' पबच्या अंगणातून होड्या सोडायचा फरसबंद उतार थेट नदीत जातो. ओहोटीला तो असा कोरडा, ऐसपैस दिसतो, की परगावचा माणूस हमखास तिथेच गाडी लावतो. रोजची भरती उताराच्या निम्म्यात थांबते. उधाणाची थांबत नाही. मग गावकरी आपापला ग्लास घेऊन बाहेर बसायचे, पाणी चाकाला कधी लागेल यावर पैजा मारायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. गावाचा जुना खेळ होता तो.

विनी लग्न होऊन आली आणि तिने तो मोडला. एका फळीवर निळ्या रंगात एक ओळ रंगवली आणि फळी याच भिंतीवर ठोकली. पाहुणे वाचायचे, निमूटपणे गाडी वर नेऊन लावायचे. गाव महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात विनी वारली. पर्सीच्याने एकट्याने पब रेटवेना. कंपनीने घेतला, चकचकीत केला, बाहेर नवी बाकं मांडली. पर्सीने मागितली होती फक्त विनीची ती पाटी. ऑफिसातून उत्तर आलं, जुनं सगळं भंगारात गेलं.

त्यानंतर तो इकडे फिरकला नव्हता. काल ज्युलियनचा फोन आला, "एकदा याच. तुमच्यासाठी एक वस्तू आहे."

घड्याळ असणार. कंपनी निरोपाला सगळ्यांना घड्याळच देते.

ज्युलियन नुकताच बाहेरून आला होता. त्याची लांबोडकी गाडी उताराच्या निम्म्यात, रोजच्या पाण्याच्या खुणेच्या जरा वर उभी होती. मागचं दार दोरीने कसंबसं बांधलेलं, आतून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर डोकावत होतं. नव्या बाकांसाठी छत्री, पर्सीने मनाशी म्हटलं. आता नदीलाही सावली करतील.

मग त्याने नदीकडे पाहिलं. पात्राच्या मध्यावरचा भरतीचा खांब बुडाला होता. काल पौर्णिमा होती, म्हणजे आज उधाण.

"इकडे बसा," त्याने ज्युलियनला नदीकडे पाठ होईल अशी जागा दाखवली. "ऊन डोळ्यांवर येणार नाही."

"तुम्ही फार विचार करता हो दुसऱ्याचा," ज्युलियन म्हणाला आणि आतून ग्लास भरून आणायला गेला.

शेजारच्या बाकावरून गॅरड सरकला. म्हातारा मच्छीमार, पर्सीचा लहानपणापासूनचा सोबती.

"काय रे, सांगायचा विचार नाही ना त्याला?"

"मी कशाला सांगू? पाटी होती ती सांगायला."

"विनी असती तर तुझा कान पिरगाळला असता."

"विनी नाहीये," पर्सी म्हणाला.

ज्युलियन आला. पिंपातून हातपंपाने ओढलेली एल बिअर, वर बेताचा फेस. पर्सीने घोट घेतला. एल स्वच्छ होती, नीट निवळू दिलेली, अगदी त्याच्या स्वतःच्या तळघरातून यायची तशी. ते त्याला मुळीच आवडलं नाही.

"कशी आहे?"

"पिण्यासारखी आहे."

"मग जिंकलो. गावात म्हणतात, तुमची स्तुती यापुढे जातच नाही." ज्युलियनने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. "एक माणूस यायचाय. तो आला की वस्तू देतो. तुमच्याच हातून व्हायला हवं ते."

फोटोवाला, पर्सीला वाटलं. घड्याळ हातात घेऊन दात काढायचे.

"सावकाश येऊ दे," तो म्हणाला. "आणखी एकेक घेऊ."

दुसरा ग्लास आला. पाणी मागच्या चाकांना लागलं. अंगणातली बोलणी एकेक करून बंद पडत गेली. गावची सगळी माणसं आपापल्या ग्लासात बघत होती.

"इथे लोक फार शांत आहेत," तिसरा ग्लास संपत आला तेव्हा ज्युलियन हलकेच म्हणाला. "माझी आई गेली ना, तेव्हा वडिलांनी तिचा स्वयंपाकाचा एप्रन खुंटीवरून काढू दिला नाही. वर्षानुवर्षं."

पर्सीने मान वर केली. "मग?"

"मग काही नाही. मी घर रंगवलं तेव्हा तो फेकला. बोलले काहीच नाहीत. जेवायचे मात्र बंद झाले."

पर्सीचा ग्लास तोंडापाशीच थांबला. ओठ हलले. गॅरडने बाकाखालून त्याच्या पायाला पाय लावला. पर्सीने पाय बाजूला घेतला.

"पोरा," तो म्हणाला, "मागे बघ. गाडी."

ज्युलियन वळला. पाणी दारांच्या मुठींना टेकलं होतं. तो धावत सुटला, पण पुढच्या दाराकडे गेलाच नाही. कमरेइतक्या पाण्यातून तो मागे पोचला आणि दोरीची गाठ सोडवायला दातांनी झोंबू लागला.

"अरे, किल्ली लाव, किल्ली," कुणीतरी ओरडलं.

"गाडी जाऊ दे," ज्युलियन तिथूनच म्हणाला.

गल्लीतून गावचा सुतार खांद्यावर शिडी घेऊन आला आणि पाणी बघून जागच्या जागी थबकला. "आता खिळे कशात ठोकू?" त्याने विचारलं.

दोरी सुटली. घोंगडी पाण्यात उलगडत गेली आणि आतली लांब फळी अलगद बाहेर आली. उधाणाने ती उतारावरून वर आणली आणि पर्सीच्या बुटांपाशी ठेवली. निळा रंग ताजा होता, अक्षर जुनंच.

"पाहुणे, आधी गाडी वर लावा, मग बसा. – विनी."