अंगठ्याखालचं बटण

"परत एकदा दाबा, तातय," मेलिंडा वडिलांना म्हणाली.

लेओनने अंगठा दाबला. बटण टक्कन वाजलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत होत्या, त्या तशाच उजळत राहिल्या. एकही थांबली नाही.

लेओन इलोइलो बंदरातला नावाडी. इंजिनाच्या वर आवाज चढवून प्रवाशांना हाका मारणारा. पक्षाघाताने त्याची वाचा नेली. हुकमात राहिला तो फक्त उजवा अंगठा. हवं ते अक्षर उजळलं की बटण दाबायचं. वाक्य जुळलं की संगणक ते मोठ्याने म्हणायचा. असा तो पुन्हा बोलता झाला होता. पण वादळात तो संगणक जळाला. नवा आला तो वेगळ्या जातीचा. जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना, म्हणून मेलिंडाने मध्ये दुभाष्याचं काम करणारं सॉफ्टवेअर बसवलं. अक्षरं दिसू लागली, आवाजही आला. लेओनचं बटण मात्र प्रोग्रॅमला ओळखू येईना.

तेव्हापासून त्याची बायको सेन्तांग दोघांचं मिळून एकटीच बोलत होती.

"पंखा लावू? बरं, लावते. शेजारणीने आज परत माझ्या कोंबड्या हाकलल्या. आता तू म्हणणार, जाऊ दे. तुझं मेलं नेहमीचंच!"

लेओन डोळे मिटून घ्यायचा. कंटाळला बिचारा, असं तिला वाटायचं. तरी तिचं तोंड काही थांबायचं नाही.

मेलिंडा आईकडे बघून एकदम हसायलाच लागली. "अगं नानाय, हे सॉफ्टवेअर या बटणाला गेम खेळायचं बटण समजतंय! प्रोग्रॅमला हवी कीबोर्डची कळ." तिने त्या बटणाला कीबोर्डची एक कळ नेमून दिली. "हं, दाबा."

उजळती ओळ जागच्या जागी थांबली.

सेन्तांगने ओले हात झग्याला पुसले आणि ती त्याच्यासमोर बसली. "बोल बाबा आता. माझी बडबड पुष्कळ सोसलीस." आणि तिने ओठ मिटले.

घर कधी नव्हे इतकं शांत झालं. अंगठा थांबत थांबत हलत होता. लेओनच्या कपाळावर घाम आला. पाणी मागत असतील, मेलिंडाला वाटलं. सेन्तांगचे डोळे भरून आले, पण तिने हूं की चूं केलं नाही.

शेवटी संगणक बोलला.

"गप्प का झालीस?"