नखाची खूण

उजाडताना रानडुकरं भुईमुगात शिरली. मी ह्यांची जुनी रायफल घेऊन धावले. उरलेलं एकच काडतूस भरताना त्याच्या शिशाच्या टोकावर अंगठ्याला बारीकशी खाच लागली.

ह्यांच्या नखाची खूण. हे परसात शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओतायचे आणि प्रत्येकीत नख रोवून बघायचे. "शिसं मऊच हवं, नाहीतर ह्या म्हातारीची नळी खरवडते," रायफलीवरून हात फिरवत म्हणायचे.

"बायकोची कधी एवढी काळजी घेतलीत?" मी चिडवायचे.

हे गेल्यापासून तशा अकरा गोळ्या मी खूण न बघताच झाडल्या होत्या.

"अगं, झाड की! सगळं वावर उकरतील!" बांधावरून सासूबाई ओरडल्या.

मी काडतूस कमरेला खोचलं आणि बांधावरचा पत्र्याचा डबा बडवत डुकरांच्या अंगावर गेले. ती पळाली, पण निम्मा भुईमूग गेला.

"होती ना गोळी? मग झाडली का नाहीस?" सासूबाईंचा आवाज चढला.

मी काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं. "ह्यांचं नख आहे त्यात."

त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग मूठ मिटली.

काडतूस त्यांनी मला अजून परत दिलेलं नाही.