इस्त्रीची घडी

"आज टोमणा नाही मारलात?" यादविहाने तुरुंगाच्या खिडकीतल्या शिपायाला विचारलं. एरवी तो म्हणायचा, "तुमचे शास्त्रज्ञसाहेब आमच्या सूपमध्येसुद्धा विष मोजतात हो!" आज त्याने मान वर केली नाही. कपड्यांची पिशवी बाहेर सरकवून म्हणाला, "घ्या मावशी, आणि सरका पुढे."

तिचा नवरा कास्तुस किरणोत्सर्ग मोजणारा. बेलारूसच्या काही खेड्यांतलं दूध मुलांना देऊ नका, असं त्याने सांगितलं. सरकारने आकडे दडवले, तेव्हा प्रयोगशाळा सोडून तो सरकारविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला, आणि आत गेला. भेट बंद, पत्र बंद. दर बुधवारी धुतलेला सदरा आत जायचा, मळलेला बाहेर यायचा. त्याच्या घामाच्या वासावर ती आठवडा काढायची.

बाकावर बसून तिने पिशवी उघडली. सदऱ्याला साबणाचाच वास येत होता. तिच्या हातची इस्त्रीची घडी मोडलेलीच नव्हती.

"दुसरा सदरा मिळाला असेल त्यांना," रांगेतली एक बाई हळूच म्हणाली.

"असेल हो," यादविहा म्हणाली. कास्तुस नेहमी सांगायचा, पुरावा समोर आला की डोळे मिटायचे नाहीत.

घरी येऊन तिने मेरीमातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. मग बादलीत साबण कालवला आणि तो स्वच्छ सदरा, डोळे घट्ट मिटून, घासत राहिली. बुधवारी पुन्हा आत द्यायचा होता.