चालत सहा मिनिटं

"काका, लोक एका स्टँडवरून दुसऱ्यावर चालत जातात अशी आणखी एखादी जागा राहिली का?" संगणकवाल्या मुलीनं विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

देशातल्या सगळ्या विभागांची वेळापत्रकं जोडून, कुठूनही कुठंही कसं जायचं हे सांगणारं एकच ॲप तयार होत होतं. ॲपला गाड्या ठाऊक होत्या. गाडीतून उतरून माणूस चार पावलं चालू शकतो, हे मात्र कुणीतरी भरल्याशिवाय त्याला कळत नव्हतं. या विभागापुरतं ते काम काकांचं. तीस वर्षं वेळापत्रकं करण्यात गेलेली, त्यामुळे थांबा न् थांबा तोंडपाठ.

एक जागा त्यांनी मुद्दाम गाळली होती. नदीच्या पुलाअलीकडे या विभागाच्या बस थांबत, पलीकडे शेजारच्या विभागाच्या. पूल ओलांडला की त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गावची बस. सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येता येई.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ताईनं एकटीनं सगळं केलं आणि काका "गाडीच जुळत नाही गं" म्हणत राहिले. खरं तर त्यांना अंथरुणातले वडील बघवत नव्हते. पुढे ताईला तोंड दाखवायची लाज वाटू लागली आणि तीच सबब अंगवळणी पडली. अकरा वर्षं. ताई बिचारी दर वेळी म्हणे, "राहू दे रे, गाडीच नाही तर तू तरी काय करणार?" वेळापत्रकवाल्याच्या शब्दावर कोण शंका घेणार!

उद्या ॲप सगळ्यांसाठी खुलं होणार होतं. मुलगी पिशवी आवरू लागली. आता गप्प बसलं, तर ॲपही गाडी जुळत नाही असंच सांगणार आणि ताईकडे जाणं कायमचंच राहणार, हे काकांना कळलं.

"थांब गं पोरी. एक राहिलंय."

त्यांनी पूल भरला. चालत सहा मिनिटं. मग जिन्यात जाऊन फोन लावला.

"ताई, तुझ्याकडे यायला गाडी जुळते. रविवारी येतो. पहिल्यापासूनच जुळत होती गं. मी खोटं बोललो."

"पूल चालायला किती वेळ धरलास?" ताईनं विचारलं.

"सहा मिनिटं."

"नऊ कर. तुझ्या बाजूच्या पायऱ्या उंच आहेत, माझे गुडघे कुरकुरतात. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला येते ना मी, तुझ्या फाटकापर्यंत. तू गाडीच नाही म्हणायचास, मग दार वाजवून तुला खोटं कसं पाडणार?"