पुढचा पाय

माझ्यासमोर बसून बायकोने इन्सुलिनच्या सुईचं टोपण उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून नखं वाजली. औषधांच्या प्रयोगशाळेने काढून टाकलेला हा कुत्रा लेकीने काल घरी आणला होता. मी कुरकुरलो तेव्हा ती फणकारली होती, "बाबा, तुमचं इन्सुलिनही आधी कुत्र्यांनाच टोचलं होतं!"

कालपासून तो टेबलाखाली अंग चोरून बसला होता. दूधपोळीलासुद्धा बाहेर आला नव्हता. आता मात्र तो सरळ बायकोपाशी आला आणि पुढचा पाय उचलून त्याने तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"अगं बाई, शेकहँड करतोय!" ती हरखली.

हसतच तिने तो पाय हातात घेतला. पाय थरथरत होता. त्यावरचे केस भादरलेले होते आणि कातडीवर जागोजागी टोचल्याच्या खुणा होत्या. तिच्या दुसऱ्या हातातली सुई पाहून त्याने मान फिरवली, मी रोज फिरवतो तशीच.

"अरे, ही सुई माझी आहे, माझी," मी काकुळतीने म्हणालो.

त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पाय मात्र मागे घेतला नाही.