सत्काराचा नारळ

शाल डिकीत होती, नारळ इलाच्या हातात होता, आणि परीक्षितकाकांना टीममधून काढलंय हे त्यांना सांगायचं कुणी, एवढंच ठरत नव्हतं.

"कॅप्टन तू आहेस," ऋषी म्हणाला.

"आयडिया तुझी होती."

"आयडिया सत्काराची होती. सांगायचं काम कॅप्टनचं."

अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या एका शाळेचं पार्किंग. शनिवारची सकाळ, मॅच आत्ताच संपलेली. महाराष्ट्र मंडळाची टीम कशीबशी जिंकली होती आणि पुढच्या शनिवारी सेमीफायनल होती. फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर धावून पाडापाडी नाही; कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. इला बॉल फेकायची, काका पळत जाऊन झेलायचे. तीन वर्षांपूर्वी फायनलला त्यांनी एका हाताने जो कॅच घेतला, त्याचा फोटो मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात अजून पडद्यावर येतो. आता काका त्रेपन्न वर्षांचे. आज त्यांच्याकडे पाच बॉल गेले, हातात राहिला एक.

ऋषीने फोन पुढे केला. आयटीतला माणूस, त्याच्याकडे सगळं लिहून ठेवलेलं असतं. "सहा मॅचेस, सव्वीस बॉल, सात कॅच. हिमानी बेंचवर बसून कंटाळली यार. बारापर्यंत सेमीफायनलची आठ नावं पाठवायचीत."

"आणि तो फायनलचा कॅच?"

"त्याला तीन वर्षं झाली, इला."

खरं होतं. म्हणूनच तिला ऋषीचा राग आला. ती नऊ वर्षांची होती तेव्हा बॉल कसा फेकायचा हे तिला काकांनी शिकवलं होतं, स्वतःच्या ड्राइव्हवेत, हात दुखेपर्यंत. त्यांचा नियम एकच. झेलणाऱ्याची दया येत असेल तर फेकूच नकोस.

काका मैदानाकडून येताना दिसले. मागून शरयूकाकू, हातात पोह्यांचा डबा.

"शेवटचा बॉल जरा वर आला हं, इला," काका लांबूनच म्हणाले. "आणि त्याच्या आधीचा मागे पडला. खांद्याकडे लक्ष दे जरा."

अख्खा सीझन हेच चाललं होतं. बॉल वर आला, बॉल मागे पडला, नाहीतर डोळ्यांवर ऊन. इला दर वेळी "सॉरी काका" म्हणायची.

मग त्यांना नारळ दिसला.

ऋषीने घाईघाईने शाल काढली आणि फोनवरून वाचायला लागला, "आदरणीय परीक्षितकाका, आपण आजवर टीमला दिलेलं अमूल्य योगदान..."

"थांब रे बाबा." काका हसले, पण चेहरा पडलाच होता. "बावीस वर्षं मंडळाचे सत्कार मी करतोय. खुर्ची न सोडणारे दोन अध्यक्ष मी असेच शाल-नारळ देऊन घरी बसवलेत. मला शिकवतोस?"

ऋषीने फोन खिशात घातला. त्याला आता कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

"तू सांग," काका इलाकडे वळले. "मी नकोय का टीमला?"

"काका, इट्स नॉट लाइक दॅट..." अशा वेळी इलाचं मराठी नेमकं पळून जायचं.

"मग कसं आहे?"

इला नारळाच्या शेंडीशी चाळा करत राहिली. काकांनी खिशातले ग्लव्हज काढले आणि पुन्हा हातात चढवले.

"फेक तो."

"काय?"

"नारळ. झेलला तर सेमीफायनल मी खेळणार. सुटला तर मी एक शब्द बोलणार नाही."

"अहो, काहीतरीच काय!" काकू ओरडल्या. "बोटं मोडतील! बॉल आहे का तो?"

पण काका निघालेही होते. गाड्यांच्या दोन रांगांमधून आधी चालत, मग धावत. काकूंनी इलाचा दंड धरला.

"हळू फेक गं," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "खालून फेक. झेलू दे त्यांना."

इलाने नारळ हातात तोलला. खालून फेकला असता तर शेंबड्या पोरानेही झेलला असता. काका सेमीफायनल खेळले असते, आणि शंभर माणसांसमोर पुन्हा एकेक बॉल त्यांच्या हातून सुटत गेला असता. तिचे डोळे भरून आले. ते बाहीने पुसून ती एक पाऊल मागे सरकली आणि खांद्यावरून, त्या ड्राइव्हवेत शिकली होती तसा, तिने नारळ फेकला.

सरळ गेला. वर नाही, मागे नाही. काकांच्या छातीशी, दोन्ही हातांच्या मधोमध. ग्लव्हजवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि पाठोपाठ डांबरावर फुटल्याचा.

काका गुडघ्यांवर हात टेकून थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग नारळाची दोन्ही भकलं उचलून परत आले. ऋषीच्या हातातली शाल त्यांनी स्वतःच घेतली आणि काकूंच्या खांद्यावर टाकली. थंडी होतीच.

"हिमानीचं नाव लिही," ते ऋषीला म्हणाले.

इलाला त्यांच्याकडे बघवेना. "सॉरी काका," तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

काकांनी एक भकल तिच्या हातात ठेवलं.

"सॉरी कशाला? बॉल चांगला होता."